मोटार भरणे, दुकान आणि तालीम

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेले काही महिने चाकोरीबाहेरचा व्यवसाय निवडणाऱ्या तरुणांची ओळख करून देणारे सदर प्रसिद्ध होत आहे. मी ते नेमाने वाचते आणि त्यातले दोन-तीन लेख कापून दुकानाच्या भिंतीवर लावलेही आहेत. सांगली-सातारा भागातल्या मुलामुलींना पुण्या-मुंबईच्या नोकरीखेरीज दुसरेही काही दिसावे, ही त्या सदरामागची तळमळ मला मनापासून पटते. तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण त्या लेखांत एक जागा सतत मोकळी राहते. ‘नोकरी सोडली, आवडीचेच काम हाती घेतले, सुरुवातीला अडचणी आल्या, पण तीन वर्षांत जम बसला’ या वाक्यातल्या ‘सुरुवातीला अडचणी आल्या’ एवढ्या तीन शब्दांत ती तीन वर्षे उरकली जातात. उन्हाळ्यापासून आतापर्यंत माझ्याकडे चार तरुण सल्ल्यासाठी येऊन गेले. चौघांच्याही बोलण्यात आपल्या सदराचा उल्लेख होता, आणि आवडीचाच व्यवसाय केला की हातचे काम, धंदा आणि छंद हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात, अशी चौघांचीही समजूत होती. माझा अनुभव तसा नाही. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की तिन्ही उपाशी राहतात, हे मी वीस वर्षांत पाहिले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

मी पलूस तालुक्यात मोटारी भरण्याचे काम करते. शहरातल्या वाचकांसाठी सांगायचे तर शेतीपंपाची मोटार जळली की आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी काढून नवी बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणे म्हणतात. 1994 साली आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये प्रवेश घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढे आठ वर्षे दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम केले आणि 2004 मध्ये स्वतःचे दुकान टाकले. पहिली दोन वर्षे दारात मोटार घेऊन आलेला माणूस माझ्याकडे पाहून विचारायचा, ‘‘मिस्त्री कुठं गेलेत?’’ मीच मिस्त्री, असे सांगितल्यावर काही जण मोटार ठेवून जात, तर काही जण ‘‘बरं, येतो मग’’ म्हणून ती उचलून पुढच्या दुकानात नेत. त्यांचा मला राग येत नसे. ज्याचे उभे पीक पाण्यावाचून सुकते आहे, त्याला धोका पत्करायला लावण्याचा अधिकार मला नव्हता. विश्वास एकेका मोटारीने मिळवावा लागला.

हे काम किती निगुतीचे आहे हे थोडे सांगते, कारण पुढचा मुद्दा त्यावर अवलंबून आहे. जळालेली मोटार उघडली की जुनी कॉइल कापून काढायची, पण काढताना वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी पाहायची आणि कोणती कॉइल कितव्या खाचेतून निघून कितव्या खाचेत गेली आहे ते वहीत उतरवून घ्यायचे. मग खाचा खरवडून स्वच्छ करायच्या, प्रत्येकीत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, फर्म्यावर नव्या कॉइल गुंडाळायच्या आणि तारेवरचा लेप कुठेही खरचटू न देता ती थोडी थोडी करून खाचेत उतरवायची. वरून बांबूची पाचर ठोकायची, जोडण्या करायच्या, दोऱ्याने आवळायचे, मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र लावून पाहायचे, आणि त्यानंतर वार्निश पाजून मोटार वाळवायची. छत्तीस खाचांपैकी एकीतला कागद नखाएवढा फाटला तरी मोटार त्या दिवशी सुरू होते, दोन दिवस चालते, आणि तिसऱ्या दिवशी रात्रीच्या पाळीच्या विजेवर, शेतकरी झोपेत असताना, जळून जाते.

हे काम मला फार आवडते. पण दुकान चालवणे हे याहून अगदी निराळे काम आहे, आणि तरुणांशी बोलताना सगळ्यात जास्त वेळ मला हेच समजावण्यात लागतो. तांब्याचा भाव वाढला की आधी ठरवून दिलेल्या मजुरीत तोटा सोसायचा. ‘‘उसाचं बिल आल्यावर देतो’’ म्हणणाऱ्याची उधारी वर्षभर वहीत सांभाळायची, आणि कारखान्याने बिल उशिरा काढले तर तेही आपल्याच अंगावर घ्यायचे. शनिवारी तीन कामगारांचा पगार करायचा, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, वार्निश संपायच्या आत मागवायचे. पहिल्या कर्जाच्या वेळी एका बँकेत, दुकान माझे, परवाना माझ्या नावाचा आणि आयटीआयचे प्रमाणपत्रही माझे असताना, ‘प्रत्यक्ष व्यवसाय कोण पाहणार’ या रकान्यात पतीचे नाव लिहायला सांगितले गेले. मी ते लिहिले नाही आणि कर्ज तीन महिने उशिरा मिळाले. दुकान वाढत गेले तसे एक वेगळेच दुःख वाट्याला आले. दिवसेंदिवस हातात तार यायची बंद झाली. मोटारी दुकानात कामाला असलेली मुले भरू लागली आणि मी फोन, हिशेब आणि वसुली करू लागले. ज्या कौशल्याच्या जोरावर दुकान उभे राहिले ते मालकीणबाई झाल्यावर माझ्याच हातून निसटत चालले होते. म्हणून गेली दहा-अकरा वर्षे रोज सकाळची पहिली मोटार मी स्वतः भरते, तोवर फोन घेत नाही आणि त्या वेळात आलेली गिऱ्हाइके मुले सांभाळतात. धंद्याच्या हिशेबात यामुळे थोडे नुकसान होते. ते मी जाणूनबुजून सोसते.

आणि तिसरी गोष्ट नाटक. सांगलीच्या माणसाला नाटकाचे वेड कुठून आले हे विचारू नये. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगली संस्थानच्या दरबारात विष्णुदास भावे यांनी पहिला प्रयोग केला, आणि तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. मी गावच्या जत्रेतल्या नाटकात चौदाव्या वर्षी पहिल्यांदा उभी राहिले. पुढे हौशी संघातून राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर अनेक वर्षे भूमिका केल्या, अलीकडे दोन नाटके बसवलीही. 1954 साली सुरू झालेली ही स्पर्धा आमच्यासारख्या नोकरदार, दुकानदार, शिक्षक, कंपाउंडर अशा लोकांनीच इतकी वर्षे जिवंत ठेवली आहे, हे मी अभिमानाने सांगते. भावे नाट्यमंदिरात पडदा वर जाण्याआधीच्या त्या दोन मिनिटांत पोटात जो गोळा येतो, तसा मला दुसऱ्या कशानेही येत नाही. बोटांना वार्निशचा वास तसाच असतो. कितीही धुतले तरी जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तोल साधण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात सगळीकडे दिवसाचे वेळापत्रक असते. इतके तास काम, इतके तास घर, झोपण्यापूर्वी दोन तास छंदाला. महिन्याच्या पगारावर, ठरलेल्या वेळेत काम करणाऱ्यांना ते जमत असेल. ज्यांचे काम पाऊसपाण्यावर आणि हंगामावर चालते, त्यांनी हे वेळापत्रक पाळायचे ठरवले तर काय होते, हे मी एका वर्षी अनुभवले.

2011 च्या मार्चमध्ये एका संघाने पाडव्याच्या कार्यक्रमासाठी चांगली भूमिका देऊ केली आणि मी होकार दिला. रोज सहा वाजता दुकान बंद करून सांगलीला तालमीला जायचे, असे ठरवले. फेब्रुवारी ते मे हा आमचा ऐन हंगाम. विहिरींचे पाणी खाली गेलेले असते, उसाला आणि द्राक्षाला पाणी हवे असते, विजेचा दाब कमी-जास्त होतो, एखादा फेज जातो, आणि दिवसाला आठ-दहा मोटारी दारात येऊन पडतात. पाडवा झाला, पण त्या संघाचे पुढचे प्रयोग एप्रिलमध्येही चालूच राहिले. त्यातल्याच एका संध्याकाळी तासगाव भागातल्या एका बागायतदाराची साडेसात अश्वशक्तीची मोटार मी भरत होते. पाचला तपासली, ठीक होती. वार्निश वाळल्यावर पुन्हा मेगर लावून पाहायला हवे होते. तालमीला उशीर होत होता, म्हणून ते पाहिले नाही आणि मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवून दिली. चौथ्या दिवशी ती जळून परत आली. उघडली तेव्हा एका खाचेच्या तोंडाशी कागद दुमडलेला दिसला. माझ्याच हातचे काम होते. दुसऱ्या मुलावर ढकलता येण्यासारखे नव्हते आणि मी ढकललेही नसते. मी ती मोटार पैसे न घेता पुन्हा भरून दिली आणि मधल्या काळासाठी दुकानातली जुनी मोटारही दिली. पण ती कमी ताकदीची होती, आणि त्यांच्या द्राक्षबागेची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, नुकतीच झाली होती. छाटणीनंतर फूट निघायच्या वेळी पाण्याची ओढ बसली आणि बागेच्या वरच्या अंगाला फूट एकसारखी निघालीच नाही. ते गृहस्थ भांडले नाहीत. मोटार न्यायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, ‘‘ताई, मोटार तुम्ही परत भरून दिली. काडी कुठनं भरून आणायची?’’ द्राक्षाची पुढच्या वर्षीची फळधारणा याच दिवसांत वाढणाऱ्या काडीवर ठरते, हे माहीत असणाऱ्या वाचकांना त्या प्रश्नाचे वजन कळेल.

त्या वर्षी मी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढून बारा महिन्यांचा हिशेब नव्याने मांडला. फेब्रुवारी ते मे हे चार महिने दुकानाचे. त्या काळात नाटक नाही, कुणी कितीही मोठी भूमिका दिली तरी नाही, आणि जत्रांचा मोसम नेमका याच दिवसांत येतो म्हणून गावच्या जत्रेतही नाही. जून ते ऑगस्ट, पूर आला नाही तर, काम ओसरते. तेव्हा मुलांना शिकवायचे, उधारी गोळा करायची, संहिता वाचायच्या. सप्टेंबरपासून तालमी, नोव्हेंबरच्या सुमाराला स्पर्धा, आणि डिसेंबर-जानेवारीत घरच्यांना त्यांचा राहिलेला वेळ. एखाद्या आठवड्यात किंवा महिन्यात माझ्या आयुष्याचा तोल अजिबात दिसत नाही. एप्रिलमध्ये भेटणाऱ्याला वाटते की या बाईला दुकानापलीकडे काही नाही. ऑक्टोबरमध्ये भेटणाऱ्याला वाटते की हिचे दुकानाकडे लक्ष नाही. वर्षाच्या शेवटी मात्र सगळ्यांचे देणे भागलेले असते. तालमींपुरते बोलायचे तर एक छोटी गोष्टही शिकले. वेढे मोजताना संवाद पाठ करता येत नाहीत, दोन्ही चुकतात. पण दोऱ्याने कॉइल आवळताना करता येतात, आणि माझ्या बहुतेक भूमिका अशाच पाठ झाल्या आहेत.

हा वर्षाचा हिशेबही कधी कधी कोलमडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे, एवढे सांगितले तरी पुरे. नदीकाठच्या गावांतल्या मोटारी आठ-आठ, दहा-दहा दिवस पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर माझ्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेने चिखलाने माखलेल्या मोटारींची रांग लागली. बुडालेली प्रत्येक मोटार भरावीच लागते असे नाही. उघडून गाळ धुतला, बेअरिंग बदलले, नीट वाळवून मेगरवर तपासले की पुष्कळ मोटारी नव्या तारेशिवाय चालतात, आणि ज्यांचे घर वाहून गेले आहे त्यांना हे प्रामाणिकपणे सांगणे भाग होते. ऊन पुरेसे मिळत नव्हते, म्हणून आम्ही स्टेटरच्या, म्हणजे तार भरलेल्या स्थिर भागाच्या, पोटात दोनशे वॅटचे बल्ब लावून मोटारी वाळवल्या. त्या वर्षीच्या नाटकात माझी मुख्य भूमिका ठरलेली होती. मी संघाला फोन करून नाही कळवले. माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली, आणि मी नोव्हेंबरमध्ये प्रेक्षकांत बसून तो प्रयोग पाहिला. वाईट वाटले. पण नाटकावर माझे पोट अवलंबून नव्हते म्हणूनच मला ते सोडता आले, आणि पुढच्या वर्षांत पुन्हा धरताही आले.

माझ्याकडे आलेल्या चौघांपैकी एक मुलगा नाटकातलाच आहे. पुण्यातली नोकरी सोडून, कर्ज काढून, तालुक्याच्या गावी अभिनयाचे वर्ग सुरू करण्याचा त्याचा विचार आहे. त्याला मी माझी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. दुकानाचा एक हप्ता थकला होता तेव्हा मी दोन वर्षे दिवाळीच्या सुट्टीत मुलांची सशुल्क नाट्यशिबिरे घेतली. पहिल्या वर्षी आनंद झाला. दुसऱ्या वर्षी लक्षात आले की पालक नाराज होऊ नयेत म्हणून मी प्रत्येक मुलाला संवाद वाटून देते आहे, ज्याला खरोखर जमते त्याच्यावर वेळ घालवत नाही आणि किती मुले आली हे बोटांवर मोजते आहे. ते एक दुसरे दुकानच झाले होते. हप्ता फिटला आणि शिबिरे मी बंद केली. छंदाचा व्यवसाय करूच नये असे माझे म्हणणे नाही. ज्यांना तो करायचा आहे त्यांनी दुसरा एखादा छंद तरी बिनपैशाचा राखून ठेवावा, आणि ज्या गोष्टीवर आपला जीव आहे तिच्यावर कर्जाचा हप्ता तरी ठेवू नये.

आमच्या परिसराचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. माझ्या दुकानापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. औंध संस्थानच्या माळरानावर 1910 मध्ये तो कारखाना उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते, आणि रंग ओळखण्यातल्या दोषामुळे त्यांना चित्रकला सोडावी लागली. त्यांनी यंत्राच्या आराखड्यांकडे मोर्चा वळवला, शिकवण्याची नोकरी केली, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि मग नांगर केले. त्यांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर चित्रे काढत, व्यंगचित्रे काढत. 1920 मध्ये त्यांनी याच कारखान्याच्या आवारातून मासिक सुरू केले, आणि त्या मासिकाने पुढे मराठी घराघरांत स्थान मिळवले. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याने त्या मासिकाला रुजण्यापुरता आसरा दिला. भावे यांची गोष्ट उलट दिशेची आहे. 1851 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचे निधन झाले आणि दरबारचा आधार गेला. मग नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरणे आणि तिकिटावर खेळ करणे भाग पडले. त्यातून मराठी रंगभूमी घडली, हे आपले भाग्य. पण तो मार्ग त्यांनी गरजेपोटी धरला होता, आणि गरजेपोटी धरलेल्या मार्गाचे कष्ट तरुणांपासून लपवता कामा नयेत.

आणखी एक गोष्ट न सांगता हे पत्र पुरे केले तर माझी कहाणीही आपल्या सदरातल्या लेखांसारखीच अर्धी राहील. माझे पती माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. दुकानाच्या पहिल्या पाच वर्षांत घरखर्च त्यांच्या पगारावर चालला आणि दुकानात आलेला पैसा दुकानातच राहिला. तालमींच्या महिन्यांत दोन्ही मुलांचे जेवणखाण आणि अभ्यास माझ्या सासूबाईंनी सांभाळले. त्यांना नाटकाची आवड नव्हती. ‘‘तू जा, पण पहाटे उठून भाकरी करून जा’’ अशी त्यांची अट होती, आणि मी ती पाळली. ठरलेला पगार आणि घरात सांभाळणारे माणूस या दोन गोष्टी नसत्या तर माझी जिद्द कितीही असली तरी तीनपैकी एक गोष्ट गेली असती. ती कोणती, याबद्दल मला शंका नाही. बायकांच्या बाबतीत आधी छंदच जातो.

म्हणून आपल्याला विनंती आहे. हे सदर बंद करू नका, पण ज्यांच्याविषयी लिहाल त्यांना चार प्रश्न अवश्य विचारा आणि त्यांची उत्तरे छापा. पहिल्या दोन वर्षांत घर कुणाच्या मिळकतीवर चालले, वर्षातले कोणते महिने रिकामे आणि कोणते अंगावर येणारे असतात, एखादे मोठे नुकसान झाले तेव्हा ते कसे भरून काढले, आणि ज्या आवडीपायी हे सगळे केले ती आवड आज कुठे आहे. एखाद्याचे उत्तर ‘ती राहिली नाही’ असे आले तर तेही छापा. त्या उत्तराचा तरुणांना जास्त उपयोग होईल. नाट्यसंस्थांनाही आपल्यामार्फत सांगावेसे वाटते की तालमी रात्री नवाच्या पुढेच ठेवण्याची रूढी थोडी सैल करावी. दूरच्या गावांतून येणाऱ्या बायकांना शेवटची एसटी पकडावी लागते, आणि अनेक चांगल्या अभिनेत्री केवळ त्या एसटीपायी घरी बसल्या आहेत.

माझ्यापुरते म्हणाल तर या वर्षी पाऊस वेळेवर आला आहे आणि दुकानातली गर्दी ओसरली आहे. मोटार भरण्याचे काम शिकायची इच्छा असलेल्या मुली आपल्या वाचकांमध्ये असतील, तर त्यांनी ऑगस्टअखेरपर्यंत जरूर यावे. शिकवण्याचे पैसे मी घेत नाही, आणि दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्या हातच्या कामाची मजुरी देते. सप्टेंबरपासून संध्याकाळी तालमी सुरू होतील, तेव्हा सकाळच्याच वेळेत शिकवता येईल. फेब्रुवारीनंतर मात्र कुणी आले तर मला त्यांच्याकडे पाहायलाही सवड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपली विश्वासू,
एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)